जुन्या साड्यांची उबदार गोधडी-बंडी: आधी टीप, मग कात्री

दिवाळी संपली आणि आमच्या नाशिकला सकाळी अंग काकडायला लागलं की ओळखीतल्या बायकांचे फोटो यायला लागतात, जुन्या साड्यांची जॅकेटं, बंड्या, आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो, मापं बरोबर घेतली होती तरी पुढे बटण का लागत नाही, पाठ का गोळा होते, एका धुण्यात आतलं कापड का सरकलं. माझीही पहिली बंडी अशीच गेली. समोरचे दोन्ही भाग आधी नीट मापात कापले, मग त्यांना गोधडीचे टाके घातले, आणि शेवटी घालून बघितलं तर दोन्ही बाजू मिळून जवळजवळ दीड इंच कमी. आईची चांगली साडी होती ती. अजून वाईट वाटतं.

चूक हाताची नसते, क्रमाची असते. कापडाचे थर एकत्र शिवले की प्रत्येक टाका कापड थोडं ओढून घेतो आणि सगळा तुकडा आखडतो. म्हणून आधी मोठा तुकडा घेऊन टाके घालायचे आणि त्यानंतर त्यावर माप आखून कापायचं.

खालची मापं ३६ इंच छातीची, कुर्त्यावर घालायची, बिनबाह्यांची, समोरून उघडी, नाड्यांनी बांधायची बंडी धरून दिली आहेत. पहिल्यांदा करताना बटणं आणि काजांच्या नादी लागूच नका, जाड थरात काजं नीट येत नाहीत.

१. कापड निवडणं

तीन थर लागतात. वरचा दिसणारा, मधला उबेचा आणि आतलं अस्तर. वर आणि आत जुनी सुती साडी सगळ्यात छान, वापरून वापरून मऊ झालेली असते आणि सुईही सहज जाते. घरात नसेल तर आजूबाजूला विचारा, बोहारणीला देऊन त्यावर पातेलं घ्यायच्या आधी बऱ्याच जणी आनंदाने देतात. जुन्या बाजारातून घेणार असाल तर साडी पूर्ण उलगडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मधल्या थरासाठी माझी पसंती या क्रमाने आहे:

- जुनी सुती साडी दुहेरी. उब मध्यम, पण धुवायला सोपी. पुणे-मुंबईच्या थंडीला पुरते.
- जुनं फ्लॅनेल, म्हणजे जाड मऊ चौकडीचे शर्ट किंवा चादर.
- फ्लीसचं पातळ ब्लँकेट. हलकं आणि उबदार.
- खरा लोकरीचा स्वेटर, पण आधी मुद्दाम आटवून. ते पुढे सांगते.

ते स्वस्तातलं राखाडी-तपकिरी, थोडं टोचणारं ब्लँकेट असतं ना, ते बऱ्याचदा पानिपतला जुने लोकरी कपडे पिंजून त्याच्या सुताचं केलेलं असतं. पिंजताना तंतू आखूड होतात, त्यामुळे ते लवकर विरतं, गोळे होतात. वापरायचं असेल तर चालेल, पण टाक्यांच्या ओळी जवळजवळ घ्याव्या लागतील.

कापूस पिंजून भरायचा विचार मनात येईल. पहिल्या बंडीला नको. सुटा कापूस धुतला की एका कोपऱ्यात जमतो.

तपासणी: कापड नक्की कशाचं आहे? दुकानदार किंवा देणारी व्यक्ती सांगते ते नेहमी बरोबर असेलच असं नाही. कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा, आणि पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ते सहसा आपोआप विझतं. पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि कडक मणी तयार होतो. आपल्याकडे ज्याला सगळे लोकरीचा स्वेटर म्हणतात तो पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कॅशमिलॉनचा निघतो. वाईट काही नाही त्यात, उब देतो, फक्त गरम इस्त्री लावली की वितळतो आणि तो आटत नाही.

सावधान: शेकोटीजवळ बसायची सवय असलेल्या घरातल्या माणसासाठी बंडी करत असाल तर तिन्ही थर सुती किंवा लोकरीचेच घ्या. सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं.

२. धुणं, कीड, रंग

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण कापड "स्वच्छच आहे" असं वाटतं. पण धुणं नुसतं स्वच्छतेसाठी नाही, जे काही आटायचं आहे ते शिवायच्या आधी आटून जावं म्हणून आहे. तीन थरांपैकी एक जरी नंतर आटला तरी बाकीचे दोन गोळा होतात आणि मग काही करता येत नाही.

सुती कापड ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, ढेकूण-उवांची भीतीही त्यात जाते. मशीनला तेवढं गरम पाणी होत नसेल तर उकळत्या पाण्यात थंड मिसळून बादलीत भिजवा आणि तासाभराने नेहमीसारखं धुवा. नंतर कडक उन्हात वाळवा.

लोकरीचं वेगळं. कपाटात पडून राहिलेल्या लोकरीत कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, असू शकते, बारीक भोकं आणि जाळीसारखा कचरा दिसला की समजायचं. तो स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग धुवा. असा स्वेटर बाकी कपड्यांजवळ तसाच ठेवू नका, कसर पसरते.

मधल्या थरासाठी लोकर आटवायची असेल तर स्वेटर गरम पाण्यात साबण घालून हाताने चांगला चोळा, मग गार पाण्यात काढा, असं दोन-तीनदा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि विणीचे टाके दिसेनासे होऊन जाड नमद्यासारखं कापड तयार होतं. मग ते कापलं तरी उसवत नाही. लेबलवर मशीनवॉश चालतं असं लिहिलेला लोकरीचा स्वेटर मात्र बऱ्याचदा आटत नाही कारण त्यावर तशी प्रक्रिया केलेली असते.

तपासणी: रंग जातो का? पांढरा रुमाल ओला करून साडीवर जोरात घासा. रंग लागला तर ती साडी फक्त गडद रंगाच्या थरांबरोबर वापरा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून रंग पक्का होतो असं आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण आधीच रंगवलेल्या कापडाचा सुटा रंग त्याने बसत नाही, त्याच्या भरवशावर पांढरं अस्तर लावू नका.

३. उसवणं आणि विरलेला भाग बाजूला काढणं

फॉल आधी उसवा. राहू दिला तर तिथे एक जाड पट्टी तयार होते आणि फॉलचं कापड वेगळं आटतं. पिको केलेली किनारही कापून टाका.

मग साडी खिडकीसमोर धरा आणि पूर्ण लांबी उजेडात बघत जा. जिथे उजेड जास्त आरपार येतो तिथे विरलेली आहे. साधारण खालची टाचेची बाजू, कमरेला खोचायचा भाग आणि पदरावर पिन लावायची जागा लवकर जाते. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं-उभं ताणा. चर्र आवाज आला की तो भाग वरच्या थराला नाही, फार तर मधल्या थरात घ्या. चॉकने सरळ फुली मारून ठेवा म्हणजे नंतर गडबडीत चुकून घेतला जाणार नाही.

जरीचा काठ आतल्या बाजूला कधीच घेऊ नका, मानेला टोचतो. वर हवा असेल तर काठ वेगळा कापून ठेवा आणि शेवटी पट्टीसारखा लावा. टाक्यांच्या ओळीखाली जर आली की दोरा सारखा तुटतो.

४. नमुन्याचा चौकोन

वेळ नाही म्हणून हे सोडू नका, अर्ध्या तासाचं काम आहे. जे तीन थर वापरणार आहात त्यांचे १० इंच बाय १० इंचाचे तुकडे घ्या, एकावर एक ठेवून जसे टाके घालणार तसेच घाला आणि पुन्हा मोजा. मग धुवून वाळवून परत मोजा. ९ आणि वर अर्धा-पाऊण इंच असा आकडा येईल. म्हणजे दर १० इंचाला किती इंच जातात ते तुमच्या हाताचं, तुमच्या कापडाचं उत्तर मिळालं. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, त्यामुळे माझा आकडा तुम्हाला लागू होईलच असं नाही. चौकोन कडक, पुठ्ठ्यासारखा झाला असेल तर टाके फार जवळ आहेत. उब थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते, सगळं दाबून टाकलं की वजन राहतं आणि उब जाते.

५. मापं

अंगात नीट बसणाऱ्या ब्लाऊजवरून माप घेऊ नका, हमखास घट्ट होतं. सैल कुर्ता किंवा जॅकेट घ्या. ३६ छातीला तयार घेर ४४ इंच ठेवा, ८ इंच जास्त वाटतील पण कुर्ता, कधी स्वेटर आणि थरांची जाडी यात ते जातात.

तयार माप असं: पाठ २२ इंच रुंद, समोरचे दोन भाग ११-११, उंची २४, पूर्ण खांदा १५, खांद्याचा उतार दीड, मुंढा (हात घालायची जागा) साडेनऊ खोल, गळा ७ रुंद, मागे १ आणि पुढे ४ खोल. खांद्याला आणि बगलेच्या शिलाईला अर्धा इंच दाब, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड. गळा, मुंढा, समोरची कड आणि खालचा घेर यांना दाब द्यायचा नाही कारण तिथे पट्टी लागणार आहे. हे सगळं वर्तमानपत्राच्या कागदावर काढून कापून ठेवा. कापडाला अजून हात लावायचा नाही.

६. थर रचणं आणि कच्चा टाका

आता प्रत्येक थरातून तीन आयताकृती तुकडे काढा: पाठीसाठी २७ बाय २९ आणि समोरच्यासाठी १६ बाय २९ चे दोन. म्हणजे एका थराला साडीची साधारण ५९ इंच लांबी जाते आणि रुंदीतली १५ इंचाची पट्टी उरते, तीच पुढे खिसे आणि पट्ट्यांना वापरायची. एका साडीत तिन्ही थर हिशेबाने बसतात, पण विरलेला भाग सोडला तर बसत नाहीत, त्यामुळे दोन साड्या धरा. मधला थर साडीचाच दुहेरी घेणार असाल तर त्यात विरलेले तुकडे जोडून घेतले तरी चालतं, फक्त जोड एकावर एक येऊ देऊ नका.

फरशी पुसून कोरडी करा. अस्तर उलटी बाजू वर ठेवून अंथरा आणि चारही कडा चिकटपट्टीने फरशीला लावा, ताणायचं नाही, नुसतं सपाट. त्यावर मधला थर. त्यावर वरची साडी सुलटी. प्रत्येक थर मधून बाहेर असा हात फिरवत सारखा करा. तिन्ही थरांचा उभा धागा एकाच दिशेला असू द्या, नाहीतर धुतल्यावर बंडी पिळवटते.

मग लांब कच्चा टाका, मधून सुरू करून बाहेरच्या कडेपर्यंत, ४ इंचावर एक ओळ, उभ्या आणि आडव्या दोन्ही. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या म्हणजे काढताना दिसतो. सेफ्टी पिनांनी काम लवकर होतं हे खरं आहे पण जुन्या साडीत त्यांची भोकं मोठी होत जातात, म्हणून मी दोराच वापरते.

तपासणी: तुकडा उचलून उलटा करा. अस्तरावर एकही सुरकुती चालणार नाही. असेल तर तेवढा कच्चा टाका काढून पुन्हा घाला, पुढे गेल्यावर ती सुरकुती कायमची.

७. गोधडीचे टाके

हाताने करणार असाल तर साधा धावदोरा, पाव इंचाचा टाका, ओळींत दीड इंच अंतर. आतमध्ये ते विरणारं ब्लँकेट असेल तर एक इंच. सुई लांब आणि बारीक घ्या, दाभणाने जुनी साडी फाटते. दोरा जाडसर सुती, हातभर लांबीचाच, लांब घेतला की गुंता होतो आणि प्रत्येक वेळी थरातून ओढताना झिजतोही. गाठ मधल्या थरात ओढून घ्या म्हणजे आत-बाहेर कुठेच दिसत नाही.

मशीनवर १६ नंबरची नवी सुई, टाका मोठा, इंचाला आठ-नऊ, आणि मशीनच्या पायाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब सैल करा. दाब घट्ट असेल तर खालचा थर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो. आधी मधोमध एक उभी ओळ, मग डावी-उजवीकडे सहा-सहा इंचावर, आणि मग मधल्या जागा भरत जा. एका कडेपासून सुरू करून दुसऱ्या कडेला पोचायचं असं केलं की सगळा फुगा शेवटच्या कडेला जमा होतो, मला येणाऱ्या फोटोंमध्ये निम्म्या बंड्या इथेच बिघडलेल्या असतात.

तिन्ही तुकडे एकाच पद्धतीने करा. पाठ मशीनवर आणि पुढचे भाग हाताने असं केलंत तर दोघांचं आखडणं वेगळं होतं.

८. आखणी, टीप, मग कात्री

टाके झाल्यावर तुकडे एकदा पाण्यात बुडवून सावलीत सपाट वाळवा. आता कागदी नमुने ठेवा आणि चॉकने आखा. समोरच्या दोन भागांपैकी एक नमुना उलटा करून आखायचा, दोन्ही उजवेच झाले असं झालेलं मी दोनदा तरी बघितलंय, आणि साडी उरलेली नसते तेव्हा.

इथे थांबा. कात्री घ्यायची नाही.

आखलेल्या रेषेच्या आतून, कडेपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अंतर सोडून, सगळीकडे मशीनची एक टीप मारून घ्या. तुम्ही घातलेल्या धावदोऱ्याच्या ओळी कापल्या जाणार आहेत, आणि कापलेला धावदोरा दोन्ही बाजूंनी सुटत जातो. ही टीप त्या सगळ्या टोकांना धरून ठेवते. मशीन नसेल तर बारीक उलट टाका घाला, वेळ लागेल, पण घालाच. मग रेषेवरून कापा.

तपासणी: पाठीवर समोरचे दोन भाग ठेवून बगलेची लांबी आणि खांद्याची लांबी जुळवा. पाव इंचाचा फरक आत्ताच काढून टाका.

९. जोडणी

क्रम असा: खिसे, खांदे, बगला, मग पट्ट्या. खिसे आधी लावायचे कारण भाग सपाट असतो तेव्हाच मशीनखाली नीट फिरतो.

खांदे आणि बगला सुलट्या बाजू आत घेऊन शिवा. बगल पक्की करण्याआधी कच्चा टाका घालून, नेहमीच्या कपड्यांवर चढवून बघा, हात वर करा, खाली बसा, ओढून बघा. मगच पक्की टीप. आत जाड दाब उघडून सपाट करा आणि त्यावर अस्तराच्या कापडाची दीड इंची पट्टी कडा दुमडून हाताने बसवा, म्हणजे आतून टोचत नाही आणि धागेही निघत नाहीत.

कडेच्या पट्ट्या अडीच इंच रुंद कापा. गळा आणि मुंढा वळणाचे, तिथे तिरकी कापलेली क्रॉस पट्टीच हवी, सरळ पट्टी लावली तर कड उभी राहते. समोर आणि खाली सरळ पट्टी चालते, तिथे साडीचा काठही लावू शकता. पट्टी लावताना ताणू नका, फक्त गळ्याला किंचित ओढ द्या. नाड्यांच्या तीन जोड्या या पट्टीतच अडकवून शिवायच्या, वरून नुसत्या शिवलेल्या नाड्या पहिल्या महिन्यात तुटतात.

१०. स्वेटरच्या बाह्या लावायच्या असतील तर

हे मापं घेतानाच ठरवा. मुंढ्याचा घेर आणि स्वेटरच्या बाहीचा वरचा घेर मोजा, बाही दोन इंचापेक्षा जास्त लहान असेल तर बगलेत ओढ बसते, अशा वेळी पुरुषांच्या मोठ्या मापाचा स्वेटर शोधा. विणलेलं कापड कापलं की टाके सुटत जातात, म्हणून इथेही तोच नियम, आधी झिगझॅग टीप, मग कात्री. आणि कापायचं ते बाहीच्या मूळ शिलाईच्या अर्धा इंच बाहेरून, अंगाच्या बाजूने, म्हणजे ती शिलाई बाहीला धरून राहते. जोडताना बाही खाली आणि बंडी वर ठेवा, नाहीतर विणीचं कापड पायाखाली ताणून लांब होतं.

उरलेल्या गोधडीच्या तुकड्यांतून बाळाची कुंची छान होते. नाड्या आखूड ठेवा, बटणं-मणी लावू नका आणि बाळ झोपलं की काढून ठेवा.

पहिली धुलाई बंडी उलटी करून, गार पाण्यात, एकटीच. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि खाटेवर सपाट वाळवायची, तारेवर टांगली तर ओल्या थरांच्या वजनाने खांदे उतरतात. वाळल्यावर सगळ्या ओळी एकदा बोटाने चाचपून बघा, कुठे टाका सुटला असेल तर त्याच दिवशी बांधून घ्या.